तसबिरीमागची पाकिटं

‘बाई, नमस्कार. आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतो. मिस्टरांचे टॉवेलचे सहा माग आहेत. दोन वर्षं झाली, चार बंद, दोन कसेबसे चालू. मी घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई घेते. पतसंस्थेचे हप्ते थकलेत. नोटिसा येतात आणि आमचे हे त्या न फोडताच येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. “देव बघून घेईल, तू कशाला डोकं लावतेस?” म्हणतात आणि गाढ झोपतात. मी रात्री तीनला टक्क जागी. प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये बोलले तर एक ताई म्हणाल्या, “एवढी काळजी म्हणजे विश्वासच नाही. संत छोटी तेरेजा बघा, लहान मूल होऊन देवाच्या कुशीत राहिली.” त्यांनी एक पुस्तिका दिली. ती वाचून मला रडूच आलं. लहान मूल म्हटलं की मला कूस आठवत नाही. माझे वडील गिरणी सुटली की पिऊन यायचे आणि आम्ही भावंडं कॉटखाली. प्रार्थनेत “बाप” शब्द आला की अजून पोटात गोळा येतो. रोजरीची जपमाळ म्हणताना पाचातल्या तिसऱ्या रहस्यापर्यंत झोप लागते. आता सांगा, विश्वास कुणाचा, त्यांचा की माझा? आणि माझ्यासारखीनं लहान मूल व्हायचं कसं?’

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी. आधी ती पाकिटं.

तसबीर हळूच पुढे ओढा, सगळी पाकिटं काढा, तारखेप्रमाणे लावा आणि फोडा. मिस्टर शेजारी बसले तर उत्तम. रागावले तरी फोडा. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत असते आणि ती तसबिरीमागेही संपते. जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून तुमची सही कुठे आहे का, तेही त्यात कळेल. मग दोघं मिळून शाखेत जा, हप्त्यांची मुदत वाढवून मिळेल का ते विचारा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. तोंडी ‘बघू’ला काही अर्थ नसतो. प्रकरण पुढे गेलेलं असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तडजोडीसाठी लोकअदालतीचीही वाट असते.

देवाबद्दल विचारलं आणि बाई वकिलाकडे पाठवतात, असं वाटलं असेल. पण पाकिटं बंद ठेवून मी तुम्हाला विश्वासावर चार शब्द सांगितले, तर मीही ते त्याच तसबिरीमागे खोचल्यासारखं होईल.

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. हरी आपल्या मिस्सेतला, चर्चमधल्या उपासनेतला, नसला तरी म्हण आपलीच आहे आणि ती आपल्या घरांनाही लागू पडते. शुभवर्तमानात सैतान प्रभूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी, देवदूत तुला हातांवर झेलतील. ते वचन खोटं नाही, आपल्याच स्तोत्रसंहितेतलं आहे. विश्वासाचं इतकं गोड वचन सैतानाच्या तोंडी आहे, हे मला नेहमी दचकवतं. प्रभू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहू नकोस, एवढंच म्हणतो. देवावर सोपवणं वेगळं आणि देवाच्या गळ्यात मारणं वेगळं. सोपवताना आधी पाकीट उघडून पाहावं लागतं.

तरी मिस्टरांना मी आळशी म्हणणार नाही. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला चार मागांची शांतता काय करते, हे या शहरात कुणाला वेगळं सांगायला नको. पाकीट न फोडणं ही बहुतेक भीतीच आहे, तिनं अंगावर विश्वासाचा झगा चढवलाय. ‘तुमचा विश्वास खोटा’ असं म्हणून तो झगा ओढू नका. ‘मलाही भीती वाटते, दोघं मिळून फोडू या,’ म्हणा.

आता तुमची रात्र.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, आमच्या गाईडच्या मुलींना होम मैदानावर मदतीला नेत असू. हरवलेली मुलं आणून बसवायची एक जागा असायची. एका संध्याकाळी तिथे दोन मुलं होती. एक साडेतीन-चार वर्षांची पोरगी ‘आई’ म्हणून असा टाहो फोडत होती की पाळण्यांचे भोंगे फिके पडावेत. दुसरा मुलगा तिच्याहून थोडा मोठा आणि शांत. कुणी जिलबी दिली, ती खाल्ली. नाव विचारलं तर बोलला नाही. आम्ही बायका कौतुकानं म्हणत होतो, बघा, किती शहाणा. पोरीची आई पंधरा मिनिटांत आली, थेट आवाजाच्या रोखानं. मुलाला न्यायला रात्री साडेनऊला कुणीतरी आलं, आणि आलेल्या माणसाला बघूनही तो जागचा उठला नाही. आम्ही ज्याला शहाणपण म्हणत होतो ते काय होतं, ते मला तेव्हा उमगलं. हाक मारली की कुणी येतं, हे त्या पोराला ठाऊकच नसावं.

तुमचं पत्र वाचताना तो मुलगा डोळ्यांसमोर आला. कॉटखाली आवाज न करणं हाच तुमच्या सुटकेचा मार्ग होता, नाही का? श्वासही हळू घ्यायचा. ती सवय हाडात मुरते. आजही तुम्ही रात्री तीनला आवाज न करता जाग्या राहता, कुणाची झोप मोडू नये म्हणून, आणि बहुधा देवाचीही. त्या ताई म्हणतात तसं शांत पडून राहणं तुम्हाला चांगलंच जमतं. तुम्हाला जमत नाही तो टाहो. लहान मुलाचा विश्वास त्या टाहोत असतो. त्यानं तोंडानं ‘माझा विश्वास आहे’ असं कधी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

म्हणून आज रात्री जाग आली की काळजी करू नका असं मी सांगणार नाही. ती होणारच. फक्त भिंतीशी बोलता तेच त्याच्याशी बोला. ‘प्रभू, पतसंस्थेचे इतके इतके थकलेत. गणवेशाचे पैसे अजून मिळाले नाहीत. मला भीती वाटते.’ आकडे सांगा, लाजू नका. पुटपुटत सांगा, चिडून सांगा. आम्ही बुडतोय आणि तुला त्याचं काहीच नाही का, असं शिष्यांनी वादळात प्रभूला झोपेतून उठवून विचारलं होतं. अजून तुमचा विश्वास नाही का, असं तो त्यांना म्हणाला खरा, पण आधी उठला.

आता तेरेजाबद्दल. मदर तेरेसांनी जिच्यावरून नाव घेतलं ती ही फ्रान्समधली लिझ्यूची तेरेजा. पुस्तिकेवर तिच्या हातात गुलाब असतील. त्या गुलाबांनी तिचं थोडं नुकसानच केलंय. जन्म १८७३ चा. साडेचार वर्षांची असताना आई स्तनाच्या कर्करोगानं गेली. मग मोठ्या बहिणीला तिनं आई मानलं, तर ती १८८२ मध्ये कार्मेल मठात गेली आणि पुढच्या वर्षी ही पोर जीवघेणी आजारी पडली. मग दुसरी बहीण आईच्या जागी आली, तीही मठात गेली. पंधराव्या वर्षी तेरेजा स्वतः मठात दाखल झाली आणि वर्षभरात लाडक्या वडिलांच्या मनाचा तोल ढळला. त्यांना तीन वर्षं मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. गावात लोक बोलत असणारच. बालपणाची ही संत अशा सोडून गेलेल्या माणसांच्या रांगेतून वर आली. कुशीत वाढलेल्या सुखी मुलीचं हे पुस्तक नाही, ताई. तुम्हाला रडू आलं ते कदाचित पुस्तिका लिहिणाऱ्यापेक्षा तुम्हीच तिला जास्त ओळखलंत म्हणून.

तिच्या आयुष्यातली एक रात्र मला फार आवडते. १८८६ चा नाताळ. तेव्हा ती पुरती चौदाचीही नव्हती. मध्यरात्रीच्या मिस्सेहून घरी आल्यावर मुलांसाठी बुटांत भेटी ठेवायची रीत होती. दमलेले वडील सहज बोलून गेले की बरं झालं, हे शेवटचंच वर्ष. जिन्यावर तिनं ते ऐकलं. एरवी एवढ्या-तेवढ्यावर गंगा-यमुना वाहायच्या, पण त्या रात्री तिनं डोळे पुसले, खाली आली आणि हसत हसत भेटी उघडल्या. आपलं पोरपण त्या रात्री संपलं, असं तिनं पुढे लिहिलं. म्हणजे देवापुढे लहान होण्याची वाट शिकवणारी बाई आधी पोरकटपणातून बाहेर पडली होती. ज्या अर्थानं नोटिसा उघडायला मोठं माणूस लागतं, त्या अर्थानं ती मोठी झाली होती.

जिन्याचीच तिची आणखी एक गोष्ट आहे, तिच्या हाताखालच्या एका नवशिक्या भगिनीनं सांगितलेली. नुकतं उभं राहू लागलेलं मूल जिन्याखालून वर आईकडे जायला बघतं. पाय उचलतं, पहिल्या पायरीलाही पोचत नाही, पडतं. तेरेजा म्हणायची, तू पाय उचलत राहा. पायरी चढणं तुला जमणार नाही, पण तो वरून बघतोय, तो खाली येऊन उचलून नेईल. यात दोन गोष्टी एकदम आहेत आणि लोक हटकून एक विसरतात. मिस्टर पाय उचलायचं विसरलेत. तुम्ही पायरी आपल्यालाच चढायचीय असं धरून बसल्यात.

लिफ्टचं तिचं उदाहरण पुस्तिकेत असेलच. रोमच्या यात्रेत तिनं मोठ्या हॉटेलांत लिफ्ट पाहिली होती, तेव्हाची नवलाई. येशूचे हात हीच माझी लिफ्ट, असं ती म्हणते. (आपल्याकडे लिफ्ट म्हटलं की आधी वीज गेली तर काय, हे मनात येतं. पण तिचाही प्रवास काही उजेडात झाला नाही.) १८९६ मध्ये ईस्टरच्या सुमारास रक्ताची गुळणी आली, क्षय. त्याच दिवसांत मनात काळोख पसरला, स्वर्ग वगैरे काही आहे की नाही, असा. तो शेवटपर्यंत, म्हणजे दीड वर्षं, गेला नाही. आपण रविवारी मिस्सेत उभं राहून म्हणतो ती श्रद्धेची कबुली तिनं स्वतःच्या रक्तानं लिहून जवळ बाळगली. ३० सप्टेंबर १८९७ ला गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ मध्ये तिला चर्चच्या आचार्यांत, म्हणजे ज्यांच्या शिकवणीला चर्च खास मान देतं अशा संतांत, बसवलं, ते गुलाबांसाठी खासच नाही. त्या काळोखातही तिनं विश्वास धरून ठेवला.

झोपेचं तर विचारूच नका. ही मुलगी वर्षानुवर्षं मठात प्रार्थनेच्या वेळी पेंगायची. त्याचं तिला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. मूल जागं असो की झोपलेलं, आईबापांना तेवढंच आवडतं, असा तिचा हिशोब. रोजरी एकटीनं म्हणणं आपल्याला फार जड जातं, हेही तिनं प्रांजळपणे लिहून ठेवलंय. तुम्ही दिवसभर मशीनवर वाकून तिसऱ्या रहस्यापर्यंत पोचता. उरलेली दोन पवित्र मरियेवर सोडा, तिला तिच्या मुलाची कहाणी पाठ आहे.

आणि त्या पुस्तिकेत तेरेजाच्या आईवर किती पानं आहेत ते बघा. झेली मार्तेंला वाचलं की मला आपल्या पूर्व भागातल्या बायकाच आठवतात. ती आलाँसाँ गावच्या नाजूक लेसचा धंदा करायची. बायका आपापल्या घरी तुकडे विणून आणायच्या आणि ही ते जोडून ऑर्डर पुरी करायची. धंदा इतका वाढला की नवऱ्यानं घड्याळांचं दुकान विकलं आणि तिच्या कामाला हातभार लावला. तिची पत्रं काळजीनं भरलेली आहेत. ऑर्डरी जास्त आल्या की गुलामासारखं राबणं, नाही आल्या तर कामाला लावलेल्या बायकांचं काय, ही चिंता. नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. हिशोब ठेवणाऱ्या, रात्री जागणाऱ्या या बाईला चर्चनं १८ ऑक्टोबर २०१५ ला नवऱ्यासोबत संत म्हणून जाहीर केलं. काळजी हा अविश्वासाचा पुरावा असता तर तिची फाइल पहिल्या टेबलावरूनच परत आली असती.

आता ‘बाप’.

हा शब्द तुमच्या गळ्यात अडकतो तो तुमचा दोष नाही. ज्यानं तो शब्द नासवला त्याचा आहे. जबरदस्तीनं गिळू नका. यशया संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायात देव म्हणतो, आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. तेरेजाला आपली लिफ्ट सापडली ती याच ओळींत, तिथे ‘आई’ शब्द आहे. पोप जॉन पॉल पहिले अवघे तेहतीस दिवस पोप होते. त्यांनी १९७८ च्या सप्टेंबरात लोकांना सांगितलं की देव आपला पिता आहे, आणि त्याहूनही अधिक आई आहे. आणि आपण तर पंढरपूरच्या जिल्ह्यात राहतो. आषाढीला कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवाला दाढीमिशा पिकलेले बाप्ये ‘माउली’ म्हणत रडतात, हे आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलंय. त्यांची उपासना वेगळी, आपली वेगळी, पण देवापाशी लहानपण मागण्यासाठी या मातीला फ्रान्सची वाट बघावी लागली नव्हती. तुम्ही रात्री ‘माउली’ म्हटलंत तर प्रभू कान फिरवणार नाही. मिस्सेत सगळ्यांबरोबर ‘बापा’ म्हणायची वेळ आली आणि गोळा आलाच, तर गप्प राहा. बाकीचे म्हणतायत ना, तेवढ्यापुरतं त्यांच्या खांद्यावर बसा.

आणि कॉटखालची गोष्ट कुणातरी माणसाला सांगा. पत्रात चार वाक्यांत उरकलीत, ती चार वाक्यांची नाही. ओळखीच्या सिस्टर असतील तर त्यांना, समुपदेशक मिळाला तर त्याहून बरं. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा मदत क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत आणि रात्री तीनलाही फोन उचलतात. देवाजवळ रडणं आणि माणसाजवळ रडणं यांत एकाची निवड करावी लागत नाही.

तेव्हा तुमचा शेवटचा प्रश्न. लहान मूल व्हायचं म्हणजे त्या कॉटखाली परत जायचं, असं तुम्ही समजून बसलात म्हणून पुस्तिका टोचली. तुम्ही जी लहान मुलगी होता तिच्याकडे जायचं नाहीये. तिला जे कधी करता आलं नाही ते आता, या वयात, करायचंय. बाहेर यायचं, रिकामे हात दाखवायचे आणि मोठ्यांदा हाक मारायची. पहिल्यांदा घसा बसेल. येणारा प्यायलेला नसेल, यावर मनाचा विश्वास बसायला वेळ लागेल. लागू दे.

विश्वास कुणाचा, तुमचा की त्यांचा, याचा निकाल मी देणार नाही. तराजू घेऊन बसायला घरात दुसरी कामं पुष्कळ आहेत. फार आग्रहच असेल तर सांगते, ज्यानं पत्र लिहून विचारलं त्याचा.

ग्रुपमधल्या ताईंवर राग धरू नका. दुसऱ्याचं दुःख ऐकलं की आपल्याला घाईघाईनं काहीतरी पवित्र बोलावंसं वाटतं, मीही बोललेय. पुढच्या वेळी त्यांना एवढंच विचारा, ‘पतसंस्थेत येता का माझ्याबरोबर?’ हो म्हणाल्या तर तुम्हाला मैत्रीण मिळाली.

तसबिरीच्या मागची धूळही पुसून घ्या. पाकिटं मोजून मला कळवा, पाच असोत की पंधरा. तुमच्याकडे नळ कधी येतो? आमच्याकडे परवा पहाटे तीनला पाळी आहे. बॅरल भरेपर्यंत मीही जागीच असते.